बंदुकीच्या समोरून

मंडळाची स्मरणिका परवा पोस्टानं आली. गुळगुळीत कागद, वर गणपती, आत आमच्या अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावच्या जुन्या दिवसांतला एक फोटो. चर्चच्या तळघरातली दिवाळी. खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आहेत. डॉक्टर अमके, प्रोफेसर तमके, त्यांच्या सौ., अगदी माझंसुद्धा नाव आहे, आणि मी त्या दिवशी काय केलं होतं, तर शंकरपाळी. उजव्या कडेला निळं कार्डिगन घातलेली एक बाई अर्धी कापली गेली आहे. एक खांदा आणि एक कान, एवढंच दिसतं. नावांच्या शेवटी छापलंय, ‘व इतर’.

ते इतर म्हणजे प्रभाताई गजभिये. त्या फोटोत इतर म्हणावं असं दुसरं कोणी नाहीच.

मी संपादकांना फोन केला. भला माणूस आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, “मावशी, जागा नव्हती हो.”

म्हटलं, “अरे, ‘प्रभा गजभिये’ हे दोन शब्द, आणि ‘व इतर’ हेही दोनच शब्द. जागेचं काय सांगतोस मला?”

तो हसला. मला काही हसू आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण सातवीपर्यंत, बाकीचं मिळेल ते वाचून झालेलं. तेव्हा लेखाबिखाची अपेक्षा धरू नका, बोलते तसं लिहिते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांना युनिव्हर्सिटीत नोकरी होती आणि आम्ही डोंगराकडच्या बाजूला एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. प्रभाताई वरच्या मजल्यावर. हॉस्पिटलात नर्स, एकट्या, पन्नाशीच्या आसपास, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. एका शनिवारी जिन्यात भेटल्या तर हातात लांबलचक काळी पेटी. मराठी माणूस दिसलं की मला राहवत नाही. म्हटलं, “सतार वाजवता वाटतं?”

“नाही जी, बंदूक आहे,” म्हणाल्या, आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे. “दोन्ही हातांचं असं छिद्र कर बरं. त्यातून माझ्या नाकाकडे पाय.” पाय म्हणजे बघ, त्या भंडाऱ्याकडच्या. मी येडबडले, पण केलं. “तुझा डावा डोळा मालक आहे,” म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. मालक म्हणजे नेम धरताना ज्याचं चालतं तो डोळा, हे मला पुढे कळलं.

हे त्या सगळ्यांना करायच्या. पोस्टमनला केलं होतं, भाजीवाल्या अमेरिकन म्हातारीला केलं होतं. ह्यांनाही करायला लावलं तेव्हा हे म्हणाले, “काय पोरखेळ आहे हा?” तर त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही एक डोळा बारीक करता. तुम्हाला उडतं काहीच लागणार नाही.” ह्यांना उडतं काही मारायचं नव्हतंच, पण ते बोलणं मात्र लागलं.

त्यांना हे कुठून आलं ते सांगायला हवं. त्यांचे वडील मालगुजाराच्या, म्हणजे तिकडच्या जमीनदाराच्या, तळ्यावर हाकेवाले होते. म्हणजे हिवाळ्यात मालगुजाराकडे साहेब लोक, वकील, अधिकारी बदकं मारायला यायचे. ते तळ्याच्या बांधावर, पाळीवर बसणार, आणि प्रभाताईंच्या वस्तीतली माणसं छातीभर पाण्यात, लव्हाळ्यातून ओरडत, डबे वाजवत बदकं उठवणार. बदकं उडायची साहेबांच्या दिशेनं. म्हणजे बंदुका कुठल्या दिशेनं, ते तुम्हीच बघा. वडिलांच्या खांद्यात दोन छर्रे शेवटपर्यंत होते. थंडीत दुखायचे.

“बाबांनी कधी बंदूक हातात नाही घेतली,” प्रभाताई सांगायच्या. “हात लावला असता तर हात राहिला नसता. पण तीस वर्षं समोरून पाहिलं न त्यांनी. साहेबाचा गाल लाकडावरून उठला, की छर्रे वरून जाणार. साहेबानं एक डोळा मिटला, की काही भरवसा नाही, बुडी मारायची. पाय वाकडे पडले, की बंदूक अर्ध्यात अडकणार. बदकाकडे बघायची बाबांना फुरसतच नव्हती. ते साहेबाचं तोंड पाहत.”

घरी येऊन ते लेकीला बोरूची काडी धरायला लावायचे आणि स्वतः समोर उभे राहून सगळे साहेब करून दाखवायचे. हा चुकणारा वकील, हा चुकणारा कलेक्टर. लेक हसून लोळायची. मालगुजाराच्या दिवाणखान्यात त्या शिकारींचे फोटो होते. पुढे बदकांची रांग, मागे साहेबांची. हाकेवाले एकाही फोटोत नाहीत.

अमेरिकेत येऊन त्यांनी पहिल्यांदा बंदूक हातात घेतली ती वॉल्टरमुळे. वॉल्टर म्हणजे एक रिटायर झालेला छप्परवाला. लोकांच्या घरांवर पत्रे नि कौलं बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. कंबरेच्या ऑपरेशनसाठी प्रभाताईंच्या वॉर्डात होता. दिवसभर एकच रडगाणं, फेझंट लागत नाहीत, फक्त शेपटीची पिसं उडतात. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा रानपक्षी, मक्याच्या शेतातून फडाडकन उठतो, आणि अर्धा पक्षी म्हणजे नुसती शेपटी. प्रभाताईंनी त्याला पलंगावर बसवलं, त्याचीच हातकाठी बंदुकीसारखी धरायला लावली, आणि समोर उभ्या राहून म्हणाल्या, “माझं नाक म्हणजे पक्षी. धर.” मग त्या डावीकडून उजवीकडे चालल्या. वॉल्टरनं काठी फिरवली.

“तू गाल काठीकडे नेतोस,” त्या म्हणाल्या. “काठी गालाकडे आण. गाल हलला की डोळा हलला. आणि पक्ष्याकडे बघू नको.”

“मग कशाकडे बघू? नर्सकडे?”

“त्याच्या गळ्यात पांढरं कडं असतं न? तेवढंच बघ. शेपटी त्याची त्याला सांभाळू दे.”

त्या शिकारीच्या सीझनला वॉल्टर हॉस्पिटलात आला तो कागदात गुंडाळलेले दोन फेझंट घेऊन. हेड नर्सनं आरडाओरडा केला. वॉल्टरनं प्रभाताईंना आपली जुनी दुनळी बंदूक दिली आणि गन क्लबात घेऊन गेला. तीच ती सतार.

मी त्यांच्याबरोबर रविवारी जायचे. मला गाडी येत नव्हती, आणि परतताना त्या मला भाजीच्या दुकानात न्यायच्या. मी घडीची खुर्ची टाकून थर्मास घेऊन बसायचे. तिथं मातीच्या चकत्या यंत्रातून हवेत फेकतात आणि त्या फोडायच्या असतात. प्रभाताईंचा नेम चांगला होता, पण फार मोठा नव्हता, हे मी खरं तेच सांगते. त्यांच्याहून चांगले तिथं चार जण होते. पण शिकवावं तर त्यांनी. माणसानं चकती चुकवली की बाकीचे सगळे आकाशाकडे बघायचे आणि त्या बघायच्या माणसाच्या बुटांकडे. “पाय चकती निघते तिकडे लावलेस. चकती जिथं फोडायची तिकडे लाव.” संपलं. पुढची फुटायची.

आणि नवशिक्यांसाठी झाडू. घरून आणलेला लांब दांड्याचा झाडू, खालचा ब्रश काढून टाकलेला. पहिले दोन रविवार बंदुकीला हात लावू द्यायच्या नाहीत. शिकणारा दांडा धरून उभा, ह्या समोर दहा पावलांवर, बाबांसारख्या, नाकावर बोट ठेवून इकडून तिकडे चालणार. त्याचा डोळा, त्याचा गाल, त्याचा श्वास सगळं समोरून वाचणार. खऱ्या बंदुकीच्या बाबतीत मात्र एवढी कडक बाई मी पाहिली नाही. बंदूक मधल्या बिजागरीवर उघडून, रिकामी दिसेल अशी हातावर लटकलेली नसेल तर त्या माणसाशी बोलायच्यासुद्धा नाहीत. एकदा एका सहा फुटी माणसानं भरलेली बंदूक हातात घेऊन मागे वळून काही विचारलं, तर अशा ओरडल्या की त्याच्या हातातून सँडविच पडलं.

तीन वर्षं त्यांनी हे केलं. फुकट. अर्धा क्लब त्यांच्या झाडूखालून गेला.

आपल्या लोकांनी काय केलं, तेही सांगते. त्याच दिवाळीला, फोटोतल्याच, प्रभाताईंनी पाटवडीचा रस्सा केला होता. मसाला स्वतः भाजून, कुटून. तेव्हा गावात मसाल्याचं दुकान नव्हतं, न्यू जर्सीहून कोणी आलं की आणायचं. मंडळाच्या एका काकूंनी ते भांडं उचललं, वर फॉइल लावलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कोटांशेजारी नेऊन ठेवलं. मी विचारलं, “असं का?” तर हळूच म्हणाल्या, “अगं, शिकार करतात ना त्या. त्या हाताचं...” आणि समोर चिकन बिर्याणीला ही रांग! शिकारीचं नाव पुढे केलं, एवढंच. त्या हाताचं म्हणजे कशाचं, ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं आणि प्रभाताईंना तर सगळ्यांत आधी. मंडळाचे अध्यक्ष वर हसत हसत विचारतात, “काय गजभियेबाई, बुद्धाला मानता आणि बंदूक कशी चालते?”

प्रभाताईंनी त्यांच्या प्लेटमधल्या तंगडीकडे बघितलं. “ही काय साहेब, आत्महत्या करून आली?”

हसले सगळे. पण रस्सा कोपऱ्यातच राहिला. आम्ही दोघींनी तो घरी नेऊन चार दिवस खाल्ला, आणि चारही दिवस मी चिडलेली होते. त्या म्हणाल्या, “काहून तोंड पाडून राहिली? मला यांच्याकडून काही नको. मला एकच गोष्ट पाहिजे, ती तिकडे आहे.”

ती गोष्ट म्हणजे क्लबातली पाटी. दारातून आत गेलं की भिंतीवर लाकडी फळा होता, त्यावर अध्यक्ष, सेक्रेटरी, आणि खाली ‘इन्स्ट्रक्टर’ असं पितळी अक्षरांत. नावाची जागा रिकामी, कारण आधीचा म्हातारा फ्लोरिडाला गेला होता. त्या वर्षी ती जागा भरणार होते. पगार वगैरे काही नव्हता. प्रभाताईंनी रीतसर अर्ज केला, राज्याचा सेफ्टीचा कोर्स करून सर्टिफिकेट जोडलं. मला म्हणाल्या, “बाबाचं नाव पण लिहायला सांगणार आहे मधी. प्रभा रामाजी गजभिये. पितळेत.” इतकं साधं हवं होतं त्यांना. पण हवं होतं फार.

क्लबचा अध्यक्ष हार्लन. गोड बोलणारा, मला ‘मॅम’ म्हणणारा. त्याचा मेव्हणा रिक, त्यालाही ती जागा हवी होती. हा रिक एक डोळा मिटून मारायचा, रायफल असल्यासारखा नेम धरून. उडता पक्षी काय तुझा नेम होईपर्यंत थांबतो? प्रभाताईंनी त्याच्या चष्म्याला टेप लावून, झाडू देऊन, महिनाभर घासून त्याला दोन्ही डोळ्यांनी बघायला शिकवलं होतं.

आता माझा भाग. लिहायला लाज वाटते, पण तो वगळून लिहिलं तर मीही ‘व इतर’ करणाऱ्यांतलीच.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी मी खुर्चीत बसले होते. हार्लन क्लिपबोर्ड घेऊन आला. उकिडवा बसला माझ्या शेजारी, इतक्या अदबीनं. म्हणाला, “मॅम, तुम्ही दर आठवड्याला असता. प्रभा शिकवताना समोर उभी राहते का? म्हणजे नळीच्या समोर?”

मला वाटलं, शिफारस लिहून घेतोय! माझं मोडकं इंग्लिश, पण मी भरभरून बोलले. यस यस, व्हेरी निअर, एव्हरी संडे, व्हेरी ब्रेव्ह लेडी, ब्रूम, ब्रूम. त्यानं काहीतरी लिहिलं, बोट ठेवलं, “इथं सही.” मी केली. या देशात आल्यापासून तेच करत होते. बँकेत, शाळेत, डॉक्टरकडे, कोणी बोट ठेवलं की सही. आणि त्या दिवशी तर चांगली घोटून, पूर्ण नाव घालून केली, प्रभाताईंच्या कामाला यावी म्हणून.

मीटिंग नोव्हेंबरात, रविवारी दुपारी. प्रभाताईंनी मला आणि ह्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आम्ही पंधरवड्यानं नॉर्थ कॅरोलायनाला जाणार होतो, मॉरिसव्हिलजवळ ह्यांना नवी नोकरी लागली होती, सामानाच्या खोक्यांचा ढीग घरात. तरी आलो. हॉलमध्ये पन्नासेक पुरुष, आणि कॉफी देत फिरणारी हार्लनची बायको, बॉनी. प्रभाताई निळ्या कार्डिगनमध्ये पहिल्या रांगेत.

हार्लन उभा राहिला. प्रभाबद्दल आम्हांला सगळ्यांना फार आदर आहे, म्हणाला. असं कोणी म्हणालं की समजावं. मग म्हणाला, पण सेफ्टीचा प्रश्न आहे, आणि एका प्रत्यक्षदर्शीनं सही करून सांगितलंय. आणि त्यानं कागद वाचला. इन्स्ट्रक्टर दर रविवारी शिकाऊ माणसाच्या नळीच्या थेट समोर, अगदी जवळ, उभी राहते. खाली माझं नाव. माझं पूर्ण नाव त्यानं तीनदा अडखळत वाचलं.

झाडू कुठे होता त्यात? झाडू नव्हताच!

प्रभाताईंनी मागे वळून पाहिलं. माझ्या तोंडाकडेच पाहिलं त्यांनी, दोन्ही डोळ्यांकडे, आणि मला वाटतं त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं. मी उठले. हे माझी बाही ओढत होते, “बस, बस खाली, कशाला पडतेस त्यात?” मी ओरडले, “ब्रूम! नो गन! ओन्ली ब्रूम!” लोक हसले. हार्लन म्हणाला, “थँक यू, मॅम. निवेदनावर सही झालेली आहे.”

मग वॉल्टर उठला. काठी फरशीवर आपटून म्हणाला, “तुम्हा सगळ्यांना माहीत आहे तो झाडू होता! बिल, तू धरला नव्हतास? रिक, तू?” रिक बूट बघत होता. खुर्च्यांवर रिकच्या नव्या क्लासचा छापील कागद ठेवलेला होता, वॉल्टरनं तो उचलून वाचला. पहिला धडा, बंदुकीविना सराव. जोडीदारानं समोर उभं राहावं, शिकणाऱ्यानं काठी त्याच्या नाकावर धरावी. चित्रसुद्धा काढलेलं!

“हे काय आहे मग?” वॉल्टर म्हणाला.

“ते वेगळं आहे,” हार्लन शांतपणे म्हणाला. “ती क्लबची ठरावीक मापाची लाकडी काठी आहे. झाडू नाही.”

हे वाक्य मी इतक्या वर्षांत पुष्कळांना सांगितलं. लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. नाही हो. माणूस सरळ चेहऱ्यानं हे बोलला आणि पन्नास माणसांनी ते ऐकून घेतलं. हात वर करून मतं झाली. वॉल्टर आणि आणखी सहा-सात जण प्रभाताईंच्या बाजूनं. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं, त्यांतले कितीतरी त्या वेळी कॉफीत साखर ढवळत होते.

प्रभाताई उठल्या. पर्स घेतली. मी मागून गेले, दारापाशी त्यांचा हात धरला, रडायलाच लागले. म्हटलं, “ताई, मला वाटलं तो तुमचं चांगलं लिहितोय.”

“माहीत आहे.” हात सोडवून घेतला त्यांनी. “माझ्या बापानं जन्मभर कोऱ्या कागदावर अंगठा दिला, कारण त्याला वाचता येत नव्हतं. तुला येतं न? एबीसीडी येते, पेपर वाचतेस, मग काहून नाही वाचलं? दोन ओळी होत्या फक्त!”

त्यानंतर आजतागायत मी वाचल्याशिवाय कशावर सही केलेली नाही. पण ते त्यांच्या काय कामाचं?

ह्यांनी गाडी सुरू केली होती, मी आत बसले. पार्किंगमध्ये लोक आपापल्या ट्रककडे निघाले होते, प्रभाताईंच्या बाजूनं जाताना टोपीला हात लावत होते. पाच वाजत आले होते, उजेड मक्याच्या खुंटांवर पिवळा पडलेला. प्रभाताई गाडीच्या दारात किल्ली लावत होत्या, तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारानं बॉनी आली. अंगात कोट नाही, कॉफीचा एप्रन तसाच.

मी काच खाली केली. बॉनी म्हणाली, “प्रभा, ते काय शिकवतेस, मला दाखवशील?”

“आत्ता?”

“उद्यापासून हार्लन मला तुझ्याशी बोलू देईल असं वाटत नाही.”

प्रभाताई तिच्याकडे बघत राहिल्या, नेहमीसारख्या, या डोळ्याकडे, त्या डोळ्याकडे. मग पर्स गाडीच्या टपावर ठेवली. वरून रानहंसांची एक रांग ओरडत येत होती, शेतावरून क्लबाच्या छताकडे.

“हात लांब कर. बोट. सगळ्या रांगेकडे नको, त्यातला एक धर. धरलास?”

बॉनीचं बोट हंसाच्या मागोमाग निघालं. तेवढ्यात हार्लननं पलीकडून हॉर्न दिला, आणि तिचा हात हवेतच थांबला.

“काहून थांबली?” प्रभाताई मराठीतच ओरडल्या. मग इंग्लिशमध्ये, “आवाज झाला म्हणून थांबायचं नाही. इथंच तर सगळे चुकतात. आवाज झाल्यावरही हात चालूच पाहिजे. ती बघ, दुसरी रांग. परत.”

हे म्हणाले, “निघू या आता.” गाडी वळली. मी मागच्या काचेतून बघत होते. हार्लननं पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांब, हात काढलाच नाही त्यानं. बॉनीचं बोट हंसाबरोबर दिव्याच्या खांबावरून गेलं, छतावरून गेलं आणि चालतच राहिलं. प्रभाताई तिच्यासमोर उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत, एक बोट आपल्या गालावर ठेवून.